‘कॉन’मधला कॉन्फिडन्स कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: “‘कॉन मॅन’मधला ‘कॉन’ हा ‘कॉन्फिडन्स’चा तुकडा आहे असं वाचलं. म्हणजे जबरदस्त आत्मविश्वास असलेला ठग, असा त्याचा अर्थ घ्यायचा का? आणि मराठीत त्याला नेमका शब्द कोणता?”

पहिल्या भागाचं उत्तर चटकन देता येतं. नाही. कॉन्फिडन्स त्याचा नसतो, आपला असतो. आपण त्याच्यावर टाकलेला. दुसऱ्या भागाचं उत्तर द्यायला मला जरा जागा लागेल, कारण इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना गेली तीस वर्षं हा शब्द मला अधूनमधून आडवा येतो आहे आणि दर वेळी मी त्याला वेगळी वाट करून दिली आहे.

आधी घोळ कुठे होतो ते सांगते. ‘कॉन्फिडन्स’ हा शब्द आपण मराठीत उसना घेतला तो फक्त एका अर्थानं. “मुलाखतीत कॉन्फिडन्स दिसला पाहिजे,” “पोरीचा कॉन्फिडन्स वाढलाय.” म्हणजे आत्मविश्वास. इंग्रजीत ही त्या शब्दाची एक फांदी झाली. खोड लॅटिन ‘फिडेरे’चं, म्हणजे विश्वास ठेवणं. कोर्टात आपण जे ‘ॲफिडेव्हिट’ करतो तेही याच कुळातलं. संसदेतल्या ‘नो कॉन्फिडन्स मोशन’ला आपण अविश्वास ठराव म्हणतो, तिथे कोणी गोंधळत नाही. सरकारला स्वतःबद्दल काय वाटतं याच्याशी त्या ठरावाला देणंघेणं नसतं, सभागृहाचा सरकारवर विश्वास आहे की नाही एवढंच बघायचं असतं. ‘कॉन्फिडन्स मॅन’मधला कॉन्फिडन्स त्या ठरावातला आहे, मुलाखतीतला नाही.

मी हे मोठ्या तोऱ्यात सांगते आहे खरी, पण माझी सुरुवात याहून वाईट होती. एका दिवाळी अंकासाठी रहस्यकथा अनुवादित करायला घेतली होती. त्यात ‘कॉन्फिडन्स मॅन’ आला. शब्द साधा दिसला म्हणून कोश उघडला नाही आणि लिहून टाकलं, ‘विश्वासू माणूस’. कथाभर हा विश्वासू माणूस लोकांना लुबाडत हिंडत होता. संपादकांनी समासात लाल शाईनं लिहिलं: “हा एवढा विश्वासू आहे तर पोलीस त्याला का शोधतायत?” ते कात्रण मी अजून ठेवलं आहे.

आता शब्दाचा जन्म. शब्दांच्या जन्मतारखा सहसा सापडत नाहीत, पण याची सापडते. न्यूयॉर्क, १८४९. विल्यम थॉम्पसन नावाचा एक माणूस (नावं त्याला बरीच होती, त्यातलं हे एक) चांगले कपडे घालून रस्त्यावर फिरायचा. एखादा सुस्थितीतला गृहस्थ हेरायचा, जुनी ओळख असल्यासारखा त्याच्याशी बोलायला लागायचा. समोरच्याला वाटायचं, आपण याला कुठेतरी भेटलोय, नाव तेवढं आठवत नाही. आणि नाव आठवत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून तोही हसून बोलत राहायचा. गप्पा रंगल्या की थॉम्पसन विचारायचा, तुम्हाला माझ्याबद्दल एवढा ‘कॉन्फिडन्स’ आहे का, की उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्या हवाली कराल? गृहस्थ हसत हसत घड्याळ काढून द्यायचा. थॉम्पसन हसत हसत चालू लागायचा.

थॉमस मॅकडोनाल्ड नावाच्या एकाचं ११० डॉलरचं सोन्याचं घड्याळ असंच गेलं. काही आठवड्यांनी त्याला हा माणूस रस्त्यात दिसला, त्यानं पोलिसाला हाक मारली आणि थॉम्पसन पकडला गेला. ८ जुलै १८४९च्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड’नं ही बातमी ‘कॉन्फिडन्स मॅन’ला अटक अशा मथळ्यानं छापली. घड्याळ मागताना तो जो शब्द वापरायचा तोच त्याच्या कपाळी चिकटला. म्हणजे शब्दाचा उगम चोराच्या तोंडचाच आहे. पोलिसांनी किंवा पंडितांनी बसून घडवलेला नाही.

नाव इतकं चाललं की त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याच्यावर एक प्रहसनही लागलं. ‘हेरल्ड’नं तर दोन-तीन दिवसांतच टोला हाणला, की या बिचाऱ्याचं चुकलं ते एवढंच की त्यानं हा धंदा छोट्या प्रमाणावर केला, वॉल स्ट्रीटवर जाऊन मोठ्या प्रमाणावर केला असता तर तुरुंगाऐवजी महालात असता. हा विनोद १८४९चा आहे हे पुन्हा एकदा वाचा.

आठ वर्षांनी, १८५७च्या १ एप्रिलला, हर्मन मेलव्हिलनं ‘द कॉन्फिडन्स मॅन’ नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिची गोष्टही १ एप्रिललाच घडते, मिसिसिपी नदीतल्या एका आगबोटीवर. बोटीचं नाव ‘फिदेल’, फ्रेंचमध्ये एकनिष्ठ; पुन्हा त्याच लॅटिन कुळातला शब्द. मेलव्हिलला हे नेमकं कळलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी बोलीत ‘कॉन्फिडन्स’चं शेपूट तुटून नुसतं ‘कॉन’ उरलं, ‘कॉन मॅन’ झाला आणि मग ‘टू कॉन’ असं क्रियापदही. (‘प्रोज अँड कॉन्स’मधला कॉन वेगळा, तो ‘काँट्रा’चा, म्हणजे विरुद्धचा. तुरुंगातल्या ‘एक्स-कॉन’मधला ‘कॉन्व्हिक्ट’चा. तीन सख्खे दिसणारे भाऊ, आईबाप तिघांचे निरनिराळे.)

आपल्याकडे मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश मुंबईत छापला गेला १८४७ साली, थॉम्पसन पकडला जाण्याच्या दोन वर्षं आधी. त्यात ‘कॉन्फिडन्स मॅन’ शोधायला जाऊ नका. बापड्यांची काही चूक नाही.

शब्द जन्माला आला म्हणजे गोष्टही तेव्हाच जन्मली असं अर्थात नाही. इंग्रजीत फसवणुकीसाठी शब्दांची आधीच रेलचेल होती, आणि त्यांच्या पोटात डोकावलं की प्रत्येक शब्द फसवणुकीची एकेक बाजू दाखवतो. ‘हूडविंक’ सोळाव्या शतकातला. मुळात नुसता डोळे झाकणं, डोक्यावरचं टोपडं डोळ्यांवर ओढणं. फसवण्याचा अर्थ नंतर आला. ‘स्विंडलर’ अठराव्या शतकात जर्मनमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे गरगरणं, घेरी येणं. हवेत इमले बांधणारा माणूस, ज्याचं ऐकता ऐकता आपलंही डोकं फिरतं. एक डोळे झाकतो, दुसरा भोवळ आणतो. दोन्हींत फसणाऱ्याची शुद्ध थोडी हरपलेली आहे. ‘कॉन’ इथेच वेगळा पडतो. त्यात माणूस टक्क डोळे उघडे ठेवून, चांगला शुद्धीवर असताना, आपल्या हातानं घड्याळ काढून देतो.

पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येणारी एक बातमी घ्या. सकाळी देवळात निघालेल्या आजींना दोघे जण गाठतात. “आजी, पुढे मारामारी झालीय, आम्ही पोलीस आहोत, एवढं सोनं घालून कुठं निघालात? काढून पिशवीत ठेवा.” आजी स्वतः पाटल्या काढतात, स्वतः कागदात बांधतात, तो भला माणूस पुडी नीट पिशवीत ठेवून देतो आणि घरी जाऊन पाहावं तर पुडीत खडे. आजींना कोणी ओरबाडलं नाही, धाक दाखवला नाही. उलट काळजी घेतली! ही थॉम्पसनचीच विद्या, फक्त ओळखीच्या चेहऱ्याऐवजी खाकीचा आधार घेतला.

आता कायद्याकडे या, कारण मराठीतला शब्द मला शेवटी तिथून मिळाला. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं ४१५ कलम ‘चीटिंग’ची व्याख्या करतं. तिचा गाभा असा की एखाद्याची दिशाभूल करून त्याला आपली मालमत्ता देऊन टाकायला प्रवृत्त करणं. देऊन टाकायला, हे महत्त्वाचं. चोरीत वस्तू उचलली जाते, इथे ती दिली जाते. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला ‘ठकवणूक’ म्हणतात आणि शिक्षेचं कलम ४२० असल्यामुळे गावोगावच्या भामट्यांना ‘चारसोबीस’ ही पदवी मिळाली. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात तेच ३१८(४) झालं. पण “तो पक्का तीनशे अठरा कंसात चार आहे” असं कोणी म्हणेल असं वाटत नाही. योगायोगाची गंमत म्हणजे नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात खोटी बतावणी करून माल उकळण्याचं कलम ४१९ आहे आणि ‘लॉटरी लागली, वारसाहक्काचे कोट्यवधी डॉलर पडून आहेत’ छापाच्या ईमेलना जगभर ‘फोर-वन-नाइन’ म्हणतात. त्यांचा चारसोएकोणीस, आपला चारसोबीस.

कलमाच्या भाषेपेक्षा मला जास्त कामाला आली ती ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या फिर्यादीची भाषा. वकील मैत्रिणीच्या कार्यालयात बसून काही फिर्यादी वाचल्या तेव्हा एक वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा दिसला: “आरोपीने फिर्यादीचा विश्वास संपादन करून…” पुढे रक्कम, तारीख, बँक. बातम्यांतही हेच वाक्य उतरतं, इतकं की आपण ते वाचतच नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. कॉन्फिडन्स ट्रिक! शब्दाला शब्द. ज्या कल्पनेसाठी मी कोश धुंडाळत होते ती कोणी हवालदार रोज कार्बन लावून लिहीत होता. ‘संपादन करणं’ म्हणजे कष्टानं मिळवणं. त्यात थॉम्पसनच्या गप्पा आहेत, चांगले कपडे आहेत, वेळ देणं आहे. (विश्वास ‘संपादन’ करणाऱ्याला विश्वास-संपादक म्हणावं का, असं मी वरच्या लाल शाईवाल्या संपादकांना विचारलं होतं. ते हसले नाहीत.)

याच जागी बहुतेक अनुवादक, आणि बरेच वार्ताहरही, ‘विश्वासघात’ लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. विश्वासघात व्हायला आधीपासूनचा विश्वास लागतो. भागीदार, मुनीम, चुलतभाऊ, मित्र. विश्वास खरा होता, नंतर कोणाची तरी नियत फिरली. कायदाही हे दोन गुन्हे वेगळे ठेवतो: ठकवणुकीत लबाडीचा हेतू पहिल्या क्षणापासून असतो, विश्वासानं सोपवलेली वस्तू नंतर गिळंकृत करणं हा न्यासभंग. थॉम्पसननं कोणाचा विश्वासघात केला नाही, कारण घात करावा असा विश्वास तिथे नव्हताच. तो त्यानं दहा मिनिटांत, त्या रस्त्यावर, त्या कामापुरता तयार केला. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो विश्वासघात म्हणा हवं तर. कॉनमध्ये म्हैसच दुसऱ्याची असते.

तयार करण्याची ही प्रक्रिया किती पद्धतशीर असते हे डेव्हिड मॉरर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं दाखवलं. हा गुन्हेशास्त्रज्ञ नव्हता, बोलीभाषांचा अभ्यासक होता. ठगांची परिभाषा गोळा करता करता त्याच्या हाती त्यांचा सगळा धंदाच लागला आणि १९४०मध्ये त्यानं तो पुस्तकरूपात मांडला. सावजाला ते ‘मार्क’ म्हणत, आपल्याकडे ‘बकरा’. सावज हुडकून आणणारा ‘रोपर’, म्हणजे फास टाकून ओढून आणणारा. ‘बिग स्टोअर’ म्हणजे अख्खं खोटं कार्यालय: खोटे कारकून, खोटे ग्राहक, खोटी धावपळ, खरा फक्त बकरा. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द ‘कन्व्हिन्सर’. सावजाला सुरुवातीला थोडे पैसे खरोखर जिंकू द्यायचे, खिशात घालून घरी जाऊ द्यायचे.

याला मराठीत ‘आमिष’ म्हणू नका. आमिष दाखवायचं असतं. कन्व्हिन्सर हातात पडतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शेअर बाजाराच्या टिपा देणारे ‘सर’ असतात ना, त्यांच्या बनावट ॲपवर पहिल्यांदा पाच हजार भरले की आठवड्यात सहा हजार होतात आणि ते सहा हजार खरंच खात्यात येतात. ते वरचे हजार म्हणजे कन्व्हिन्सर. त्यानंतर माणूस मुदत ठेव मोडतो. ते ॲप म्हणजे मॉररचं बिग स्टोअर, भाडं न भरता उघडलेलं. मी एका अनुवादात कन्व्हिन्सरला ‘दाणे टाकणं’ केलं होतं आणि ते अजून मला बरं वाटतं. पाखराला दाणा खरा मिळतो, जाळं नंतर.

शेवटच्या पायरीला ‘कूलिंग द मार्क आउट’ म्हणतात. फसलेल्यानं आरडाओरडा करू नये म्हणून त्याची समजूत घालणं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमननं १९५२मध्ये या एका कल्पनेवर अख्खा निबंध लिहिला, की अपयश पचवायला शिकवणारी माणसं समाजात सगळीकडेच असतात. मराठीत याला शब्द सापडला नाही. गरजही कमी पडते म्हणा, कारण आपल्याकडे समजूत घालायला ठग लागत नाही. “कोणाला सांगू नकोस, लोक हसतील,” हे घरचेच सांगतात.

मग मराठीत आपले शब्द कोणते? टोपी घालणं, शेंडी लावणं, चुना लावणं, गंडा घालणं, गंडवणं, बनवणं. यातला ‘गंडा’ मजेदार आहे. गुरूचा गंडा बांधला तर शिष्य होतो, कोणी गंडा घातला तर पोलीस ठाण्यात जावं लागतं. क्रियापद काय ते बदललं. पण हे सगळे शब्द निकालाबद्दल बोलतात, कसं फसवलं ते सांगत नाहीत. त्याला जवळ जाणारा एक जुना शब्द आपल्याकडे आहे: तोतया. पानिपतावर १७६१मध्ये सदाशिवरावभाऊ गेले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीही वैधव्य मानलं नाही. पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा एक जण उभा राहिला. त्याला कैदेत टाकलं गेलं, तिथून सुटून त्यानं कोकणात बंड केलं, आणि १७७६मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. लोक त्याच्यामागे गेले कारण भाऊ जिवंत असावेत असं त्यांना हवं होतं. “विश्वास तर पानिपतात गेला” असं आपण विश्वासरावांवरून गमतीनं म्हणतो. तोतयाच्या बंडात तो गेलेला विश्वासच पुन्हा चालत आला होता. पण तोतया म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणारा. थॉम्पसननं कोणाचंच सोंग घेतलं नव्हतं, तो फक्त ओळखीचा वाटला. म्हणून प्रत्येक कॉन मॅनला तोतया म्हणता येत नाही.

‘ठग’ची कथा उलट दिशेची. संस्कृत ‘स्थग’पासून आलेला, ज्यात झाकण्याचा, लपवण्याचा अर्थ आहे, आपला ‘ठक’ही तोच. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन यानं ठगांविरुद्ध काढलेल्या मोहिमांमुळे तो इंग्रजीत रुजला आणि तिथे ‘थग’चा अर्थ नुसता दांडगट गुंड झाला. कंपनी सरकारच्या नोंदींतले ठग आधी वाटसरूंशी गट्टी जमवायचे, मग गळा आवळायचे. इंग्रजीनं गळा आवळणं ठेवलं, गट्टी टाकून दिली. त्यामुळे इंग्रजी ‘थग’चं मराठी ‘ठग’ करणं ही चूक आहे आणि ती मी आजही छापील पुस्तकांत पाहते.

‘भामटा’ मात्र मी वापरणं थांबवलं आहे. वर एकदा लिहिला गेलाच, जीभ जुनी आहे. हे एका समाजाचंही नाव आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात अशा समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, १९५२मध्ये ते विमुक्त झाले, आणि राजपूत भामटा आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. मथळ्याला आटोपशीर शब्द म्हणून तो रोज वापरला जातो. ज्यांचं ते आडनावासारखं नाव आहे त्यांच्या घरीही पेपर येतो.

‘स्कॅम’बद्दलही विचारलं जातं, म्हणून दोन ओळी. अमेरिकेत स्कॅम म्हणजे कोणालाही घातलेला लहानमोठा गंडा. आपल्याकडे १९९२च्या हर्षद मेहता प्रकरणापासून तो शब्द ‘घोटाळा’ या अर्थानं रुजला, म्हणजे बँका, सरकार, कोट्यवधी. म्हणून ‘स्कॅम कॉल’चं ‘घोटाळा कॉल’ होत नाही. ‘फसवणुकीचा फोन’ म्हणा. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून अटकेच्या धाकानं पैसे उकळण्याला, मी कॉन म्हणणार नाही. तिथे विश्वास थोडा आणि भीती फार असते.

माझं आजचं उत्तर मग असं. बातमीत किंवा कायद्याच्या मजकुरात ‘विश्वास संपादन करून फसवणूक’. कथेत माणूस उभा करायचा असेल तर ‘ठकसेन’. त्यात थोडा नाटकीपणा आहे आणि कॉन मॅनमध्येही तो असतो. शहरी पात्राच्या तोंडी सरळ ‘कॉन मॅन’, कारण ते पात्र तसंच बोलेल. ‘आत्मविश्वासू’ कुठेच नाही.

थॉम्पसनचा तो प्रश्न मात्र मी अजून घोळवते. इंग्रजी वाक्यात ‘कॉन्फिडन्स’ आणि ‘ट्रस्ट’ दोन्ही आहेत, आणि मराठीत दोन्हींना ‘विश्वास’ लिहिलं की वाक्य अडखळतं. शिवाय विश्वास हा शब्द जरा शपथेवारी वाटतो. रस्त्यात भेटलेल्या माणसानं तो उच्चारला तर आपला हात आपोआप खिशावर जाईल. हलका, रोजचा, चेष्टेत खपणारा शब्द हवा. सध्या वहीत असं लिहिलेलं आहे: “काय राव, उद्यापर्यंत घड्याळ माझ्याकडे ठेवाल, एवढा तरी भरवसा आहे ना आमच्यावर?” त्यातलं ‘आमच्यावर’ मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.